केंद्रकाचं छिद्र दोन्ही बाजूंना सारखंच उघडं, मग आत-बाहेर ठरवतं कोण?

शहाद्याकडच्या एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "पुस्तकात लिहिलंय की लहान रेणू केंद्रकाच्या छिद्रातून आपोआप ये-जा करतात आणि मोठ्या रेणूंना ऊर्जा लागते. पण ही ऊर्जा नेमकी कुठे खर्च होते? हे प्रथिन आत घ्यायचं आणि तो एमआरएनए (जनुकाची प्रत, जिच्यावरून प्रथिन बनतं) बाहेर सोडायचा, हे छिद्राला कसं समजतं? दुसरं म्हणजे आमच्या मिरचीवर चुरडा-मुरडा येतो. त्याचा विषाणू पेशीच्या केंद्रकात शिरून वाढतो असं वाचलं. वडील म्हणतात, मग त्याला आत शिरूच द्यायचं नाही असं औषध का नाही निघत? मामांच्या केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) आहे, त्याचंही असंच असतं का?"

आधी सरळ उत्तर देतो, फोड नंतर करू. छिद्राला काहीही समजत नाही. रेणू छिद्रातून पार होतो त्या क्षणी ऊर्जाही खर्च होत नाही. दिशा ठरते ती रॅन नावाच्या एका छोट्या प्रथिनामुळे. या रॅनचं एक रूप केंद्रकात भरपूर असतं, दुसरं बाहेर पेशीद्रव्यात. पेशी हा फरक सतत राखून ठेवते आणि ऊर्जा जाते ती त्या राखण्यावर. एवढं नीट बसलं की तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं. फक्त ते त्यांना फारसं आवडणार नाही.

आता छिद्र म्हणजे काय ते बघू. केंद्रकाभोवती दोन पटलं असतात. बाहेरचं पटल आंतर्द्रव्यजालिकेशी (पेशीतल्या पटलांच्या जाळ्याशी) सलग जोडलेलं असतं. ही दोन पटलं जागोजागी वळून एकमेकांना मिळतात आणि तिथे छिद्र तयार होतं. बी.एस्सी.ला कांद्याचा पापुद्रा काढून, आयोडीन टाकून तुम्ही केंद्रक पाहिलंच असेल. त्या पिवळट गोलावर कितीही डोळे ताणले तरी छिद्र दिसणार नाही. छिद्राचा अख्खा सांगाडाच सुमारे १२० नॅनोमीटर रुंद असतो, आणि कॉलेजातला सूक्ष्मदर्शक २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवू शकत नाही. म्हणूनच ही छिद्रं पहिल्यांदा दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. १९५० साली कॅलन आणि टॉमलिन या दोघांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशीतलं केंद्रकपटल सोलून त्याखाली ठेवलं, तेव्हा.

छिद्र म्हणजे नुसतं भोक नव्हे. माणसाच्या पेशीत प्रत्येक छिद्र तीस-एक प्रकारच्या प्रथिनांचं बनलेलं असतं. त्यांना न्यूक्लिओपोरिन म्हणतात. प्रत्येक प्रकाराच्या आठच्या पटीत प्रती, आठ पाकळ्यांसारख्या गोल मांडलेल्या. एकूण भरतात हजाराच्या आसपास, आणि सगळ्याचं मिळून वजन ११ ते १२ कोटी डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन), म्हणजे आपल्या पेशीतल्या एका रायबोसोमच्या, प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, पंचवीसपट. अशी काही हजार छिद्रं एका केंद्रकावर असतात. यीस्टमध्ये दोनशेच्या घरात.

खरी गंमत मधल्या वाटेत आहे. काही न्यूक्लिओपोरिनांचे लांब, घडी न पडलेले धागे त्या वाटेत लोंबत असतात. त्यांच्यात फेनिलअॅलनिन आणि ग्लायसिन ही अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येते. फेनिलअॅलनिनला पाण्याचा तिटकारा, त्यामुळे हे धागे एकमेकांना अलगद चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. हे धागे जेलीसारखं जाळं करतात की नुसतेच झुलत राहून इतरांना आडकाठी करतात, यावर दोन गट गेली कित्येक वर्षं भांडत आहेत. परीक्षेत दोन्ही लिहा. माझं झुकतं माप जाळ्याकडे आहे, कारण असे धागे नुसते परीक्षानळीत घेतले तरी त्यांची जेली होते आणि ती जेली छिद्रासारखीच निवड करते. आपल्या प्रश्नापुरतं एवढं पुरे की ज्या प्रथिनाच्या अंगावर या फेनिलअॅलनिनला बसायला खोबणी आहेत ते या गर्दीतून सहज सरकतं आणि ज्याच्या अंगावर नाहीत ते बाहेरच रेंगाळतं. सरकणंही किती वेगाने, तर पार व्हायला काही मिलिसेकंद लागतात आणि एका छिद्रातून सेकंदाला हजारभर फेऱ्या होऊ शकतात. त्याही दोन्ही दिशांनी, एकाच वाटेतून.

इथे पुस्तकातल्या त्या वाक्यावर जरा बोलायला हवं. "४० किलोडाल्टनच्या खालचे रेणू आपोआप जातात" ही रेघ फार ठळक काढली जाते. प्रत्यक्षात ती पुसट आहे. आकार वाढत जातो तसा आपोआप शिरण्याचा वेग घसरत जातो, एवढंच. क्षार, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), न्यूक्लिओटाइड (डीएनए-आरएनएची सुटी अक्षरं) यांना काहीच अडत नाही. हिरवं चमकणारं प्रथिन जीएफपी २७ किलोडाल्टनचं आहे, ते पेशीत सोडलं की केंद्रकात आणि बाहेर दोन्हीकडे पसरलेलं दिसतं. पण हिस्टोन, म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं ती प्रथिनं, तर याहूनही लहान. प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा टीआरएनएसुद्धा २५ किलोडाल्टनच्या आसपास. ही मंडळी आपोआप जाऊ शकतील अशा आकाराची असूनही वाहक घेऊनच जातात. का? कारण आपोआप पसरण्यात दोन्हीकडचं प्रमाण सारखं होण्यापलीकडे काही घडत नाही. हिस्टोन केंद्रकात साठायला हवेत आणि टीआरएनए बाहेर साठायला हवेत. साठवण करायची असेल तर वाहक लागतो. म्हणून मी वर्गात 'लहान विरुद्ध मोठा' असं कधी शिकवत नाही. 'पसरायचंय की साठायचंय' असं विचारतो.

वाहकाला कळतं कसं? प्रथिनाच्या साखळीतच खूण असते. १९८२ मध्ये डिंगवॉल आणि लास्की यांनी बेडकाच्या अंडपेशीतल्या न्यूक्लिओप्लाझमिन या प्रथिनावर प्रयोग केले. हे पाच सारख्या तुकड्यांचं प्रथिन, प्रत्येक तुकड्याला एक शेपटी. पाचही शेपट्या कापल्या तर ते बाहेरच राहतं. एकच शेपटी ठेवली तरी अख्खं आत जातं. शेपट्या कापलेला गाभा सुईने थेट केंद्रकात टोचला तर तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणजे शेपटी आत राहण्यासाठी लागत नाही, आत जाण्यासाठी लागते. १९८४ मध्ये एसव्ही४० या विषाणूच्या एका प्रथिनात ही खूण अगदी नेमकी सापडली: प्रोलिन, तीन लायसिन, एक अर्जिनिन, पुन्हा लायसिन आणि व्हॅलिन. सात अमिनो आम्लं. यातलं १२८ क्रमांकाचं लायसिन बदलून तिथे थ्रिओनिन बसवलं, बस्स, अख्खं प्रथिन पेशीद्रव्यात अडकून पडलं. त्याच वर्षी फेल्डहेर यांनी सोन्याच्या बारीक कणांना न्यूक्लिओप्लाझमिनचा लेप देऊन ते अंडपेशीच्या पेशीद्रव्यात टोचले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके छिद्रांच्या बरोबर मधोमध ओळीने पार होताना पकडले गेले. प्रथिनं याच छिद्रांतून जातात याचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा तो हाच. सोन्याचा कण दबत नाही, चपटा होत नाही. म्हणजे ही वाट घडी घातलेलं प्रथिन आहे तसं जाऊ देते. मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या प्रथिनासारखं ते उलगडून ओढत न्यावं लागत नाही.

ही खूण प्रथिन आत गेल्यावर कापली जात नाही. आंतर्द्रव्यजालिकेत जाणाऱ्या प्रथिनांची खूण सहसा कापली जाते, मग हिची का नाही? प्राण्यांच्या पेशी विभागताना केंद्रकपटल विरघळतं आणि आतला सगळा माल पेशीभर सांडतो. विभाजन संपलं की तो पुन्हा गोळा करून आत न्यायचा असतो. खूण कापून टाकली असती तर दर विभाजनानंतर केंद्रकाची सगळी प्रथिनं नव्याने बनवत बसावी लागली असती. नेट-सेटला हा प्रश्न फिरवून फिरवून येतो, लक्षात ठेवा.

खूण ओळखणाऱ्या वाहकाचं नाव इम्पोर्टिन. नेहमीच्या जोडीत इम्पोर्टिन अल्फा खूण धरतो, आणि अल्फाला धरतो इम्पोर्टिन बीटा. फेनिलअॅलनिनच्या गर्दीतून वाट काढायची खोबणी असतात ती बीटाच्या अंगावर.

आता मुख्य मुद्दा, ऊर्जेचा. हा उलगडला तो एका साध्या, सुंदर प्रयोगपद्धतीने. १९९० साली अॅडम, स्टर्न-मार आणि गेरेस यांनी ती मांडली. संशोधनाच्या दिवसांत माझाही बराच काळ या पद्धतीत गेला, म्हणून जरा सावकाश सांगतो. काचेवर वाढवलेल्या हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) बर्फावर ठेवून त्यांच्यावर पाचेक मिनिटं डिजिटोनिनचं फिकट द्रावण घालायचं. डिजिटोनिन कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीच्या बाहेरच्या पटलात कोलेस्टेरॉल भरपूर, त्यामुळे ते चाळणीसारखं होतं. केंद्रकाच्या पटलात फारच कमी, त्यामुळे ते शाबूत राहतं. धुतलं की पेशीद्रव्यातली सुटी प्रथिनं निघून जातात. उरतं रिकाम्या पेशीत बसलेलं धडधाकट केंद्रक. आता लाल चमकणारा रंग लावलेलं एक परकं प्रथिन घ्यायचं. गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन चालतं, कारण ६६ किलोडाल्टनचं असल्याने ते आपोआप शिरत नाही. त्याला ती सात आम्लांची खूण रासायनिक पद्धतीने जोडायची आणि ते पेशींवर सोडायचं. काही होत नाही. केंद्रकं काळीच. मग सशाच्या रक्तपेशींचा अर्क आणि एटीपी आणि त्याच्यासारखाच ऊर्जा देणारा जीटीपी यांचा पुरवठा घालून तीस अंशांवर अर्धा तास ठेवलं की सूक्ष्मदर्शकातून दिसतात लालभडक केंद्रकं, मध्ये फक्त न्यूक्लिओलसच्या (केंद्रकातल्या दाट गोळ्याच्या) जागी काळी भोकं. हेच सगळं बर्फावर, ऊर्जेशिवाय केलं, तर केंद्रक काळं आणि त्याच्या कडेला बारीक लाल रिंगण. माल छिद्राच्या दारापर्यंत आला, चिकटला, आत साठला नाही. हे रिंगण पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, बिनऊर्जेचं छिद्र बंद झालं. बहुतेक पुस्तकांतली गडबड इथेच सुरू होते.

त्या अर्कातून एकेक प्रथिन वेगळं काढत गेल्यावर इम्पोर्टिन सापडले आणि १९९३ मध्ये रॅन सापडलं. चोवीस-पंचवीस किलोडाल्टनचं, जीटीपी धरणारं प्रथिन. रॅन दोन रूपांत असतं: जीटीपी धरलेलं किंवा जीडीपी (एक फॉस्फेट तुटल्यावर उरलेला जीटीपी) धरलेलं. जीडीपी काढून जीटीपी भरणारं प्रथिन आरसीसी१. ते गुणसूत्रांना चिकटून बसलेलं असतं, म्हणजे फक्त केंद्रकात. उलट रॅनकडून जीटीपी तोडून घेणारं प्रथिन रॅनगॅप. ते पेशीद्रव्यात असतं, त्यातलं बरंचसं छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशीच बांधलेलं. रॅन स्वतःहून जीटीपी इतक्या संथपणे तोडतं की न तोडल्यात जमा. रॅनगॅप हात लावतं तेव्हा तोच वेग लाखपटीने वाढतो. दोन प्रथिनं दोन बाजूंना, एवढ्याच मांडणीमुळे केंद्रकात रॅन-जीटीपी दाट आणि बाहेर जवळजवळ शून्य अशी स्थिती राहते.

पुढचं सोपं आहे. इम्पोर्टिन बाहेर माल उचलतो, छिद्रातून सरकतो, कदाचित मागेही येतो, पुन्हा सरकतो. आतल्या तोंडाशी त्याला रॅन-जीटीपी भेटलं की ते बीटाला घट्ट धरतं, बीटाचा आकार बदलतो, माल सुटतो. सुटलेल्या मालाला अंगावर खोबणी नाहीत, तो परत फिरू शकत नाही. रॅन-जीटीपी धरलेला बीटा बाहेर येतो, तिथे रॅनगॅप जीटीपी तोडतं, बीटा मोकळा, पुढच्या फेरीला तयार. बाहेर नेणारे वाहक, म्हणजे एक्स्पोर्टिन, नेमके उलट वागतात. त्यांना रॅन-जीटीपी सोबत असेल तरच माल धरता येतो. त्यामुळे माल ते आतच उचलतात, आणि बाहेर जीटीपी तुटलं की तिघेही एकमेकांपासून सुटतात. बाहेर जाणाऱ्या रॅनला परत आत आणायला एनटीएफ२ नावाचा त्याचा स्वतंत्र वाहक आहे.

हिशेब करून बघा. एक माल आत नेताना बीटाच्या परतीला एक रॅन-जीटीपी लागतं आणि अल्फाला बाहेर आणणाऱ्या एक्स्पोर्टिनसोबत आणखी एक. म्हणजे दोन जीटीपी. आता ४०० अमिनो आम्लांचं प्रथिन बनवायला प्रत्येक आम्लामागे चार याप्रमाणे १६०० असे ऊर्जेचे बंध मोडावे लागतात. बनवायला सोळाशे, पोहोचवायला दोन. 'ऊर्जाखाऊ वाहतूक' म्हणून जिचा गाजावाजा होतो ती इतकी स्वस्त आहे.

छिद्राला स्वतःची दिशा नसते याचा पुरावा मागाल तर १९९९ मधला नाचुरी आणि वाइस यांचा प्रयोग वाचा. डिजिटोनिन दिलेल्या पेशींत त्यांनी रॅनचा उतार, म्हणजे आत रॅन-जीटीपी दाट आणि बाहेर नाही हा फरक, उलटा केला, म्हणजे ज्याचं जीटीपी तुटूच शकत नाही असं रॅन बाहेरच्या बाजूला घातलं. वाहतूक उलटी झाली. एरवी बाहेर यायचा तो माल एक्स्पोर्टिनसोबत आत साठू लागला, तोही जीटीपी न तुटता. त्याच सुमारास इतर प्रयोगशाळांनीही दाखवलं की माल एकदाच आत न्यायचा असेल तर जीटीपी तुटण्याची गरज नाही. ती लागते फेरीमागून फेरी चालू ठेवायला. पांझरा नदीवरच्या फड सिंचनाच्या पाटाला मोरी असते, तिच्यातून पाणी कुठल्या बाजूला जाईल हे मोरी ठरवत नाही, उतार ठरवतो. छिद्राचं तसंच. फरक इतकाच की इथला उतार निसर्गाने आयता दिलेला नाही, आरसीसी१ आणि रॅनगॅप मिळून तो क्षणोक्षणी नव्याने काढतात. मघाचं ते लाल रिंगण आता परत आठवा. बर्फावर, ऊर्जेशिवाय छिद्र बंद झालेलं नसतं, वाहक आतल्या तोंडाशी माल सोडायला मोकळा झालेला नसतो.

एमआरएनए मात्र या सगळ्याला अपवाद आहे, आणि विद्यार्थी हमखास इथेच घसरतात. एमआरएनएचा मुख्य वाहक एनएक्सएफ१ हा रॅनवर चालतच नाही. तो एमआरएनएवर तेव्हाच चढवला जातो जेव्हा पुढच्या टोकाला टोपी बसलेली असते, मधले इन्ट्रॉन (प्रथिनासाठी न लागणारे तुकडे) कापून जोडणी झालेली असते आणि मागे अॅडेनिनची शेपटी लागलेली असते. या प्रत्येक कामात वेगवेगळी प्रथिनं एमआरएनएवर बसत जातात आणि तीच वाहकाला बोलावतात. बाहेरच्या तोंडाशी डीबीपी५ नावाचं एन्झाइम टपून असतं. ते एटीपी खर्च करून एमआरएनएवरून वाहक काढून घेतं, त्यामुळे जेवढा भाग बाहेर आला तेवढा परत जाऊ शकत नाही. म्हणजे तत्त्व तेच, पार झाल्यावर सोडवणूक. फक्त सोडवणारा वेगळा.

हे प्रत्यक्ष दिसलं ते कायरोनोमस या माशीच्या अळीत. साचलेल्या पाण्यात, उघड्या हौदात ज्या लालभडक बारीक अळ्या वळवळतात ना, त्याच जातकुळीतली. तिच्या लाळग्रंथीत एका प्रथिनाचा एमआरएनए ३५ ते ४० हजार न्यूक्लिओटाइड लांब असतो आणि प्रथिनांसोबत त्याची ५० नॅनोमीटरची गोळी बनते. ही गोळी आहे तशी मावत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत ती छिद्राच्या आतल्या तोंडाशी येऊन बसते, उलगडते आणि टोपीचं टोक पुढे करून बाहेर पडते. शेपटी अजून आतच असते आणि बाहेर आलेल्या टोकाला रायबोसोम लागलेले असतात.

आपल्याकडच्या कापसाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीतला जनुक मुळात एका जिवाणूचा. जिवाणूला केंद्रकच नाही, त्यामुळे त्याच्या जनुकाला 'बाहेर पडण्याच्या' या अटी ठाऊक नाहीत. तसाच्या तसा वनस्पतीत घातला तेव्हा प्रथिन अगदी नावाला तयार व्हायचं. त्याच्या क्रमात ए आणि टी इतके ठासून भरले होते की वनस्पतीच्या केंद्रकाला मधेच 'इथे शेपटी लाव', 'इथे काप' अशा खुणा दिसायच्या. एमआरएनए अर्धवट तोडला जायचा. प्रथिन तेच ठेवून जनुकाची अक्षरं बदलली, तेव्हा १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात उत्पादन शंभरपटीपर्यंत वाढल्याचं दिसलं. आणि हा जनुक कपाशीत घालताना जो अॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू वापरला, त्याची तऱ्हाही बघण्यासारखी. तो आपल्या डीएनएच्या टोकाला व्हिरडी२ नावाचं प्रथिन जोडून पाठवतो. त्या प्रथिनावर वनस्पतीचा इम्पोर्टिन ओळखेल अशी खूण असते. जिवाणूला स्वतःचं केंद्रक नाही, पण दुसऱ्याच्या केंद्रकात शिरायची खूण त्याच्याकडे आहे.

ये-जा चालू-बंद करूनही पेशी पुष्कळ कामं उरकते. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घेतलं की ते ज्या ग्राहीप्रथिनाला जाऊन बसतं, ते तोवर पेशीद्रव्यात दुसऱ्या प्रथिनांच्या पकडीत असतं. औषध बसलं की काही मिनिटांत ते केंद्रकात जाऊन जनुकं हलवू लागतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला टॅक्रोलिमस देतात, ते एनएफएटी या प्रथिनाची खूण उघडी पडू देत नाही. प्रथिन आत जात नाही, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी खवळत नाहीत. या विषयावर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे एवढंच.

आता तुमची मिरची. चुरडा-मुरडा म्हणून पानं आकसतात त्यात फुलकिडे आणि कोळी यांचाही हात असतो, पण पांढऱ्या माशीमार्फत येणारा जो पर्णगुच्छ विषाणू आहे तो बेगोमोव्हायरस. एकेरी धाग्याचं, गोल, साधारण २७०० अक्षरांचं डीएनए. इतक्या छोट्या जनुकसंचात डीएनए पॉलिमरेज (डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) ठेवायला जागा नाही. त्यामुळे त्याला प्रती काढायला झाडाचंच पॉलिमरेज वापरावं लागतं, आणि ते केंद्रकात असतं. आत गेल्याशिवाय गत्यंतर नाही. विषाणूच्या आवरण-प्रथिनावर केंद्रकात शिरायची खूण असते. याच गटातल्या टोमॅटोच्या विषाणूत दाखवलं गेलंय की झाडाचा इम्पोर्टिन अल्फा ती खूण ओळखतो. आत प्रती झाल्या की विषाणूच्याच प्रथिनांच्या साथीने डीएनए बाहेर येतं आणि शेजारच्या पेशीकडे निघतं.

मामांच्या रावेर-यावलकडच्या केळीचं वेगळं. सीएमव्ही, ज्याला आपले शेतकरी हरण्या म्हणतात, तो आरएनए विषाणू. त्याचे आरएनए पेशीद्रव्यात उतरताच रायबोसोम थेट वाचू लागतात, पुढे टोपीही असते. प्रती काढायचं एन्झाइम तो स्वतःच बनवतो आणि हे काम रिक्तिकेच्या पटलावर चालतं. वाढीसाठी त्याला केंद्रकाची गरजच नाही. नाही म्हणायला त्याचं २बी नावाचं एक प्रथिन मात्र इम्पोर्टिन अल्फाला धरून केंद्रकात जातं. झाडाकडे विषाणूचा आरएनए ओळखून तो गप्प करण्याची जी यंत्रणा असते, तिच्यात हे प्रथिन खोडा घालतं. म्हणजे प्रती बाहेर निघतात, आणि एक माणूस आत पाठवलेला असतो.

वडिलांच्या प्रश्नाला उत्तर असं. छिद्राची ये-जा अडवणारी रसायनं आहेत. लेप्टोमायसिन बी हे एक्स्पोर्टिन१ ला कायमचं चिकटतं आणि त्या वाटेची निर्यात ठप्प करतं. आमच्या प्रयोगशाळेत ते सूक्ष्म प्रमाणात, हातमोजे घालूनच हाताळलं जायचं. त्याच एक्स्पोर्टिनला रोखणाऱ्या सेलिनेक्सॉर या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, आणि त्याचा त्रास रुग्णांना चांगलाच होतो. कारण उघड आहे: निरोगी पेशीही तेच एक्स्पोर्टिन वापरतात. मिरचीतही तेच. विषाणूकडे स्वतःचा वाहक नाही, तो झाडाचाच इम्पोर्टिन वापरतो. तो बंद करणारं काही फवारलं तर विषाणूच्या आधी झाडाचे हिस्टोन आणि पॉलिमरेज बाहेर अडकतील. दुकानात कुणी 'व्हायरस मारणारं' म्हणून बाटली पुढे केली तर ती कशावर काम करते ते विचारा.

तेव्हा अडवायचं ते पेशीच्या बाहेर, माशीला. रोपवाटिका ४० ते ५० मेशच्या जाळीत करा, कोवळ्या रोपांना लागण झाली तर नुकसान सगळ्यात जास्त. लागवडीनंतर पिवळे चिकट सापळे लावा, बांधावरची तणं काढा, सुरुवातीलाच दिसलेली आकसलेली झाडं उपटून नष्ट करा. पांढऱ्या माशीला हा विषाणू घ्यायला आणि सोडायला बराच वेळ रस शोषावा लागतो, म्हणून तिच्यावरची वेळेवर केलेली फवारणी काहीतरी उपयोगी पडते. केळीत हा हिशेब चालत नाही. सीएमव्ही मावा पसरवतो, आणि तोही सोंड टेकवून उचलली एवढ्या वेळात. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत विषाणू पुढच्या झाडात गेलेला असतो. तिथे विषाणूमुक्त असल्याची तपासणी झालेली ऊतिसंवर्धित रोपं घ्यायची, बागेत आणि कडेला काकडी-भोपळ्याच्या वेली ठेवायच्या नाहीत, आणि पट्टे दिसलेलं झाड त्याच दिवशी काढायचं, घड येईल या आशेवर ठेवायचं नाही.